कारखाना विकला, पण सभासद कुठं गेला?

पापडीच्या शुक्रवारच्या बाजारात परवा एका वाडीवाल्या काकांनी मला अडवलं. केळीवरच्या करप्याला काय फवारायचं, ते विचारायचं होतं. ते सांगून झालं. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही त्या दिवशी मेळाव्यात साखर कारखान्यांच्या विक्रीवर एवढं तावातावानं बोललात. पण आमच्या वसईत ऊस उरलाय कुठं? आमची राजेळी, आमची पानवेल, आमची भाजी. आम्हाला काय करायचंय त्या कारखान्यांचं?"

प्रश्न रास्त होता. भर बाजारात, लोकांच्या धक्क्यात उभं राहून त्याचं उत्तर देता आलं नाही. ते आज इथं देतो. हे मत माझं स्वतःचं आहे, खात्याचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता ऊस नाही म्हणता, पण वसईचा ऊस एके काळी केळीइतकाच नावाजलेला होता. एकोणिसाव्या शतकात मेजर लिटलवुड नावाच्या गोऱ्या साहेबानं वसईच्या किल्ल्यातली जागा सरकारकडून भाडेपट्ट्यानं घेऊन तिथं ऊस लावला होता. म्हणजे सरकारी जागा, खाजगी भांडवल आणि ऊस ही तीन पात्रं असलेलं नाटक आपल्याकडंही होऊन गेलं आहे. पण आज मी सांगणार आहे ती गोष्ट त्या नाटकाच्या पुढच्या अंकाची. चालता कारखाना बंद पडतो, बंद पडला की विकला जातो, आणि विकला गेला की त्याचा मूळ मालक फाटकाबाहेर उभा राहतो, त्या अंकाची.

हे डोक्यात घोळायला निमित्त झालं एका जर्मन सिनेमाचं. जहाजावर नोकरी करणाऱ्या एका मित्रानं तो दाखवला. भाषा कळत नव्हती, खाली इंग्रजी अक्षरं होती, तेवढ्यावर भागवलं. 'गो ट्राबी गो' या विनोदी चित्रपटाचा हा दुसरा भाग, १९९२ सालचा. पूर्व जर्मनीतला एक साधा शिक्षक, त्याची बायको, मुलगी आणि त्यांची ती जुनी खटारा ट्राबांट गाडी. देश एक झालेला. आणि या शिक्षकाला वारशानं काय मिळतं, तर बागेत शोभेला ठेवायचे बुटके बनवणारा एक डबघाईला आलेला कारखाना! बुटके विकत कोण घेणार, पैसा कोण घालणार, कामगारांचं काय होणार, या भानगडीत तो भला माणूस सापडतो. प्रेक्षक पोट धरधरून हसतात. मीही हसलो. पण घरी येताना हसू कुठं तरी अडकलं, कारण त्या बुटक्यांच्या जागी मला साखरेची पोती दिसायला लागली.

आता त्या हसण्यामागची हकीकत ऐका. १ जुलै १९९० ला पश्चिम जर्मनीचा मार्क पूर्वेत चालू झाला आणि ३ ऑक्टोबरला दोन्ही देश एक झाले. पूर्वेकडचे जवळजवळ सगळे कारखाने सरकारी. ते सगळे एका संस्थेच्या ताब्यात दिले. तिचं नाव ट्रॉयहांड. आपल्या भाषेत 'विश्वस्त'. नाव बघा किती गोड! या विश्वस्ताच्या पदरात साडेआठ हजारांच्या आसपास कंपन्या आणि चाळीस लाखांच्या आसपास कामगार पडले. वर शेतीची आणि जंगलाची लाखो हेक्टर जमीन. काम एकच, विका. विकत नसेल तर बंद करा.

त्या कारखान्यांची अवस्था वाईट होती, हे खरंच. यंत्रं जुनी, माणसं गरजेपेक्षा जास्त, मालाला उठाव नाही. त्यात पगार एका रात्रीत एकास एक दरानं पश्चिमेच्या मार्कात गेले, म्हणजे माल महागला. रशियासारखी जुनी गिऱ्हाइकं नव्या चलनात पैसे देईनात आणि घरचं गिऱ्हाईक पश्चिमेचा चकचकीत माल मागू लागलं. रोगी माणसाला थंडीत अंगणात झोपवावं, तसं झालं. सुरुवातीला संस्थेचे प्रमुख रोव्हेडर यांचा अंदाज होता की ही सगळी मालमत्ता सहाशे अब्ज मार्कांची आहे. १ एप्रिल १९९१ ला त्यांची गोळी घालून हत्या झाली. पुढं १९९४ च्या अखेरीस संस्थेनं आपलं दुकान आवरलं, तेव्हा नफा सोडाच, अडीचशे अब्ज मार्कांवर तूट निघाली. कित्येक कारखाने एक मार्काला विकले गेले. निम्म्याहून जास्त रोजगार गेले.

त्यातली एक गोष्ट आपल्या शेतकऱ्यांनी मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. बिशोफरोडं नावाच्या गावात पोटॅशची खाण होती. आपण केळीला पालाश घालतो ना, म्युरेट ऑफ पोटॅश, त्याचीच. पूर्वेचा आणि पश्चिमेचा पोटॅश धंदा एकत्र करायचं ठरलं, आणि त्या सौद्यात ही खाण बंद करायचं ठरलं. खाणकामगार म्हणाले, आमचा माल चांगला आहे, त्याला गिऱ्हाईक आहे, मग आम्हीच का? १९९३ च्या जुलैत ते उपोषणाला बसले. सगळ्या देशाचं लक्ष गेलं. पण वर्ष संपता संपता खाण बंदच झाली. स्पर्धकाच्या हाती किल्ली दिली की तो कुलूपच लावणार, हे कळायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

आता आपल्याकडं या. १९५० मध्ये नगर जिल्ह्यातल्या लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याचं धुराडं पेटवलं. लंगोटी नेसणाऱ्या शेतकऱ्यानं कारखान्याचा मालक व्हावं, हे तोवर कुणाला स्वप्नातही खरं वाटलं नसतं. त्या एका धुराड्यावर पुढं महाराष्ट्रभर कारखाने निघाले, शाळा-कॉलेजं निघाली, रस्ते झाले. आणि त्याच धुराड्याखाली साखरसम्राटही निपजले. जब्बार पटेलांचा 'सामना' आठवा. पटकथा विजय तेंडुलकरांची. निळू फुल्यांचा हिंदूराव पाटील आणि डॉ. लागूंचा तो दारुडा मास्तर, जो एका गायब झालेल्या साध्या माणसाची चौकशी सोडतच नाही. तो चित्रपट १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. तेव्हा शहराच्या मधोमध भिंत होती. भिंतीपलीकडं सरकारी कारखाने होते, आणि अलीकडं पडद्यावर आपला सहकार होता. पुढं दोन्हींवर विक्रीची पाटी लागेल, असं त्या प्रेक्षकांपैकी कुणाला वाटलं असेल?

आपल्याकडं विकणारा विश्वस्त म्हणजे बहुतेक वेळा बँक. कारखान्यानं राज्य सहकारी बँकेकडून कर्ज घ्यायचं, ते थकायचं, मग २००२ च्या सिक्युरिटायझेशन कायद्याखाली बँकेनं ताबा घ्यायचा आणि लिलाव काढायचा. सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातला जरंडेश्वर कारखाना २०१० मध्ये असाच विकला गेला, ६५ कोटी ७५ लाखांना. त्या व्यवहारावर आक्षेप आले आणि जुलै २०२१ मध्ये सक्तवसुली संचालनालयानं तेवढ्याच किमतीची मालमत्ता जप्त केली. दरम्यान २०११ मध्ये खुद्द राज्य बँकेच्या संचालक मंडळाला जावं लागलं आणि तिथं प्रशासक बसले. बँकेच्या कारभाराबाबत गुन्हा नोंदवा, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं. नंतर पोलिसांनी प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. कोण दोषी नि कोण निर्दोष, ते न्यायालय बघेल. मी नोकरदार माणूस, आणि माझा प्रश्न तो नाहीच. माझा प्रश्न सभासदाचा आहे.

तो सभासद मी जवळून पाहिला आहे. कृषी पदविका झाल्यावर सरकारी नोकरी लागेपर्यंत मी दोन हंगाम एका सहकारी कारखान्यात स्लिपबॉय होतो. कारखान्याचं नाव घेत नाही. सायकलवरून फिरायचं, उसाच्या नोंदी घ्यायच्या, तोडणीची पाळी सांगायची. "नोंद करा, कारखाना आपला आहे," हे वाक्य मी त्या दोन हंगामांत किती वेळा बोललो असेन, त्याला गणती नाही. माझे मामा त्याच कारखान्याचे सभासद. त्यांनी शेअर घेतला तेव्हा दावणीची म्हैस विकली होती. शेअरचा कागद पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या वर ठेवलेला असायचा.

दुसऱ्या हंगामात कारखाना मध्येच थांबला. उभा ऊस वाळला. काहींनी मिळेल त्या भावानं गुऱ्हाळाला घातला, काहींनी पेटवून दिला. बिलं अडकली. उसाचं बिल चौदा दिवसांत द्यायचं, असं नियमात लिहिलंय, आणि तो नियम मीच लोकांना पाठ करून सांगत होतो! ज्यांच्या नोंदी मी घेतल्या, त्यांच्या घरासमोरून जायची मला लाज वाटायची. मी दुसरी वाट धरायचो.

पुढं बँकेनं ताबा घेतला, लिलाव झाला, नवा मालक आला. फाटकाला नवा रंग, कमानीवर नवं नाव. धुराडं तेच. मामा शेअरचा कागद घेऊन गेले. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "पास आहे का?" मामा म्हणाले, "आरं, पास कसला? मी सभासद हाय इथला." वॉचमन वीस-बावीस वर्षांचा पोरगा. तो बिचारा खरंच गोंधळला. सभासद म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

मामा परत आले आणि कागद पेटीत ठेवला. मला एवढंच म्हणाले, "बाळा, तूच म्हणायचास ना, कारखाना आपला?"

आता दुसरी बाजूही सांगतो, नाही तर अन्याय होईल. नवा मालक कारखाना नीट चालवतो. बिल वेळेवर देतो. मामा स्वतः कबूल करतात. मग गेलं काय? शेअरचे पैसे गेले. उसाच्या बिलातून टनामागं कापलेल्या ठेवी गेल्या. त्यांना 'बिनपरतीच्या ठेवी' म्हणायचे. नाव अगदी खरं ठरलं! दिवाळीची सवलतीची साखर गेली. आणि सगळ्यात मोठं म्हणजे वार्षिक सभेत उभं राहून चेअरमनला "हे कसं काय?" म्हणून विचारायचा हक्क गेला. कालचा मालक आज नुसता ऊस घालणारा झाला. अशा लिलावात बँकेचं कर्ज आधी फिटतं, आणि शेअरवाला रांगेत शेवटचा. त्याची पाळी यायच्या आत खिडकी बंद होते.

मग बंद पडलेल्या कारखान्यात घेणाऱ्याला दिसतं काय? भंगार यंत्रांसाठी कुणी कोटी कोटी मोजत नाही. एक म्हणजे जमीन. कारखाना निघाला तेव्हा माळरान होतं, आज शेजारी गाव वाढलंय, रस्ता रुंद झालाय. दुसरं म्हणजे जागेचा परवाना. एका कारखान्यापासून २५ किलोमीटर हवाई अंतराच्या आत दुसरा कारखाना काढता येत नाही, असा आपल्या राज्यात नियम. म्हणजे बंद कारखाना घेतला की भोवतालचा ऊसही जवळजवळ बांधूनच मिळाला. तिसरं म्हणजे मळीपासूनची दारू, इथेनॉल, बगॅसपासूनची वीज. अलीकडच्या हंगामांत राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने चालतात, आणि त्यांत सहकारी नि खाजगी जवळपास निम्मे निम्मे आहेत. धंदा तोट्याचाच असता, तर एवढे लोक त्यात उतरले असते का?

मुंबईच्या गिरण्यांचं तरी वेगळं काय झालं? आपल्या वसई-विरारमध्ये घराघरांत एखादा जुना गिरणी कामगार सापडेल. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणी कामगाराचं घर सावरलंच नाही. जयंत पवारांनी 'अधांतर' नाटकात ते घर दाखवलंय. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते. एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटे फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीचे करायचे ठरले. चार शब्दांचा बदल! पण त्या चार शब्दांवर टॉवर उभे राहिले. सूत कुणाला नको होतं. जमीन हवी होती.

आता सभासदांची चूक नव्हती का? होती. मीच लिहितोय, तर तेही लिहितो. भाऊबंदांची पोरं चिकटवायची म्हणून गरज नसताना माणसं भरली गेली, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. ऊस नसलेल्या भागात कारखाना मंजूर झाला, तेव्हा हार घातले. लेखापरीक्षणाचा अहवाल कुणी उघडला नाही. वार्षिक सभेत 'मंजूर, मंजूर' ओरडून जेवणाच्या पंगतीला पळालो. कुंपणानं शेत खाल्लं हे खरं, पण राखणदार झोपला होता, हेही खरं. जर्मनीतल्या माणसाला निदान म्हणता येतं की कारखाना सरकारचा होता, आमच्या हातात काय होतं? आपला तर आपलाच होता.

म्हणून मला वाटतं, विक्रीच करायची वेळ आली, तर काही गोष्टी झाल्याच पाहिजेत. पहिली म्हणजे मूल्यांकन. जमीन किती, तिचा भाव काय, यंत्रं किती, येणं किती, हे साध्या मराठीत लिहून सभासदांसमोर वाचून दाखवावं. इंग्रजी पेपरच्या कोपऱ्यात छापलेली जाहिरात म्हणजे सांगणं नव्हे. दुसरी म्हणजे जमीन वेगळी काढावी. कारखाना चालवायला लागते तेवढीच द्यावी, बाकीची संस्थेकडं राहू द्यावी. तिसरी, आधी भाडेपट्टा बघावा. ठराविक वर्षं चालवा, कर्ज फेडा, मग सभासदांना परत द्या. चौथी, विकायचाच झाला तर करारात ऊस किती घेणार, जुने कामगार किती ठेवणार, हे लिहून घ्यावं. ट्रॉयहांडची बदनामी खूप झाली, पण नोकऱ्या आणि गुंतवणुकीची हमी खरेदीदाराकडून करारात घेण्याची रीत तिनं ठेवली होती. ती हमी नेहमी पाळली गेली नाही, पण कागदावर असली की निदान भांडता तरी येतं. आणि पाचवी, आधी सभासदांना विचारावं. आता शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढता येते, तशी कायद्यात सोय आहे. त्यांना पहिली संधी द्या, मग बाहेरच्यांना बोलवा.

कुणी म्हणेल, यात वेळ जातो, कर्जावर व्याज चढतं. चढू द्या थोडं. घाईत विकलेली म्हैस नेहमी दुभतीच निघते, दुसऱ्याच्या गोठ्यात!

आता काकांच्या प्रश्नाकडं येतो. वसईला काय त्याचं? काका, तुम्ही ज्या नाक्यावर मला अडवलंत, तिथंच बॅसिन कॅथॉलिक सहकारी बँक आहे. १९१८ साली सुरू झाली, शंभरी ओलांडून उभी आहे. म्हणजे सहकार मुळातच कुजका असतो, हे काही खरं नाही. तो माणसांवर असतो. तुमच्यापैकी कितीतरी जण कुठल्या ना कुठल्या सोसायटीचे सभासद आहेत. गावच्या सेवा सोसायटीचे असाल, दुधाच्या किंवा भाजीच्या संस्थेचे असाल. तिची जागा कुठं आहे, सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे, गाळा कुणाला किती भाड्यानं दिलाय, माहीत आहे का? वसईत जमिनीला काय भाव आलाय, ते मी तुम्हाला सांगायला नको. बावखलं बुजवून इमारती झालेल्या तुम्हीच पाहिल्यात. उसाच्या पट्ट्यात घेणाऱ्याला कारखान्याखालची जमीन दिसली. इथं त्याला सोसायटीच्या पडक्या गोदामाखालची दिसेल. संस्था आधी आजारी पाडली जाते, मग लोकच म्हणतात, "चालत नाही ना, टाका विकून." पडत्या फळाची आज्ञा घ्यायला माणसं टपलेलीच असतात.

दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत सहकारी संस्थेची वार्षिक सभा व्हावी लागते. त्या सभेची नोटीस आली की ती सुपारीच्या डब्याखाली ठेवू नका. वाचा. सभेला जा. ताळेबंद मागा. येणं किती, देणं किती, जमीन किती, एवढे तीन आकडे वहीत उतरवून घ्या आणि मागच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून बघा. कळलं नाही तर आमच्या पंचायत समितीत या, बसून बघू. मी हिशोबातला पंडित नाही, पण दोघांत मिळून समजेल.

माझ्या मामांना हे त्या वेळी कुणी सांगितलं नाही. सांगायला मी होतो, पण मी उसाच्या नोंदी घेत फिरत होतो. आता फिरतो तेव्हा फवारणीबरोबर हेही सांगतो. काका, करप्याची पानं वेळेवर कापली नाहीत तर तो घडापर्यंत जातो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. संस्थेचंही तसंच आहे. येत्या सप्टेंबरात तुमच्या सोसायटीच्या सभेला मी येतो, मागच्या बाकावर बसतो. पहिला प्रश्न मात्र तुम्ही विचारायचा.